शाखा काढायची घाई नको, आधी वही कुणाकडे राहणार ते ठरवा

मिरजेहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही पाच-सहा मित्र. हिमाचलमधल्या धरमशाळेहून काम करणाऱ्या एका तिबेटी मानवाधिकार संघटनेशी ओळख झाली. तिचं सभासद होता येईल का? सांगली जिल्हा शाखा काढायची तर नोंदणी, वर्गणी, परवानगी काय लागतं? इथे नर्सिंग शिकणाऱ्या दोन तिबेटी मुली ओळखीच्या आहेत, त्यांना पदाधिकारी करता येईल का?"

मी सांगलीत वकिली करते. गेली सव्वीस वर्षं बहुतेक काम धर्मादाय कार्यालयातलं: ट्रस्टची नोंदणी, चेंज रिपोर्ट, दोन गटांत फुटलेल्या कार्यकारिणीची भांडणं. त्यातली बारा-तेरा वर्षं एका परागंदा लोकांच्या गटाची कागदपत्रंही सांभाळली, बिनपैशाची. त्यामुळे उत्तर लांबणार आहे आणि पहिलंच वाक्य तुम्हाला आवडणार नाही. शाखा काढू नका. निदान या वर्षी नको.

कारण आपल्याकडे शाखा म्हटली की काय होतं ते मी रोज बघते. काम ठरायच्या आधी जिल्हाध्यक्ष ठरतो. मग कार्याध्यक्ष, संपर्कप्रमुख, युवा आघाडी. लेटरहेडच्या डाव्या बाजूला अकरा नावं मोबाइल नंबरांसकट. पुढच्या वाढदिवसाला फ्लेक्स. पतसंस्थेच्या किंवा तालमीच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येतं. देशाबाहेरून काम करणाऱ्या मानवाधिकार गटाच्या बाबतीत तीच अकरा नावं कुणाच्या तरी गावाकडच्या भावाला महागात पडतात.

आधी एक पाहा, तुम्ही ज्यांच्याकडे सभासदत्व मागताय त्यांच्याकडे मुळात सभासद ही गोष्ट आहे का? सगळ्या संघटना एका साच्याच्या नसतात. तिबेटी युवक काँग्रेस ७ ऑक्टोबर १९७० ला धरमशाळेत स्थापन झाली. ती सरळ सभासदांची संघटना आहे. मध्यवर्ती कार्यकारिणी आणि खाली वसाहती-वसाहतींत प्रादेशिक शाखा. पण तिचा मुद्दा स्वातंत्र्याचा, म्हणजे राजकीय. तिबेटी महिला संघटना स्वतःचा जन्म १२ मार्च १९५९ चा मानते, ल्हासातल्या बायकांच्या मोर्च्याचा. परागंदा अवस्थेत ती १९८४ मध्ये पुन्हा उभी राहिली, तिच्याही शाखा आहेत. याउलट तिबेटी मानवाधिकार व लोकशाही केंद्र, १९९६ चं, हे मुख्यतः नोंदी करणारं कार्यालय आहे. कुणाला पकडलं, कुठे ठेवलं, सुटल्यावर तब्येत कशी, हे तपासून लिहायचं. अशा कामाला हजार सभासद लागत नाहीत. दहा माणसं लागतात, पण बातमी दोनदा तपासल्याशिवाय न लिहिणारी.

आणि तिसरा प्रकार, मला सगळ्यात विचार करायला लावणारा: गु-चु-सुम. तिबेटी भाषेत हे आकडे आहेत, नऊ, दहा, तीन. १९८७ चा सप्टेंबर, त्याच वर्षीचा ऑक्टोबर आणि १९८८ चा मार्च, ल्हासात निदर्शनं झाली ते तीन महिने. १९९१ मध्ये सुटून आलेल्या राजकीय कैद्यांनी ही संघटना काढली. इथे वर्गणी भरून सभासद होता येत नाही, तुरुंग भोगून व्हावं लागतं. ब्रह्मदेशच्या राजकीय कैद्यांची साहाय्य संघटना अशीच, २००० मध्ये थायलंडच्या माए सोत गावात माजी कैद्यांनीच सुरू केलेली. २०२१ च्या लष्करी उठावानंतर किती मेले, किती आत आहेत, हा आकडा जग त्यांच्याकडून घेतं. तो आकडा ग्राह्य धरला जातो तो शाखांच्या संख्येमुळे नव्हे, प्रत्येक नावामागे कागद असतो म्हणून.

म्हणून धरमशाळेला पहिलं पत्र लिहाल त्यात "आम्हाला शाखा द्या" असं लिहू नका. तुमच्या घटनेत सभासद कोण होऊ शकतो, भारतीय नागरिकाला मताचा अधिकार आहे की फक्त हितचिंतक म्हणून नाव लागतं, आणि शाखेचा हिशेब तुमच्या ऑडिटमध्ये येतो की वेगळा, एवढंच विचारा. तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर आलं तर समजा संघटना चालवणारी माणसं जाणती आहेत.

मताबद्दल माझं मत पक्कं आहे, पटलं नाही तरी ऐका. यजमान देशाच्या लोकांना मत नसावं. तुम्ही इथलेच, बोलणारे, ओळखीपाळखीचे, दोन वर्षांत सभेत तुमचंच चालायला लागेल. तिबेटी लोकांत स्वातंत्र्य हवं म्हणणारे आणि दलाई लामांचा मध्यममार्ग, म्हणजे चीनमध्येच राहून स्वायत्तता, मानणारे असे दोन प्रवाह आहेत. ते भांडण त्यांचं आहे. मिरजेच्या चार जणांनी हात वर करून त्याचा निकाल लावायचा नाही. मदत करा, हॉल मिळवून द्या, भाषांतर करा, आमदार-खासदारांना पत्रं लिहा. ठराव त्यांना करू द्या.

आता त्या वहीबद्दल, म्हणजे सभासदांच्या यादीबद्दल.

मला पहिल्यांदा ती वही दिसली ती स्वेटरच्या तंबूत. दिवाळीनंतर तिबेटी कुटुंबं स्वेटर विकायला येतात तेव्हाची गोष्ट. तंबूच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या पेटीवर एक लांब वही, लाल कापडी पाठीची, आपल्याकडे किराणा दुकानात उधारीला वापरतात तशी. तिच्यात रकाने आखलेले: नाव, वडिलांचं नाव, आरसीचा, म्हणजे इथल्या नोंदणी प्रमाणपत्राचा नंबर, वर्गणी, आणि शेवटचा रकाना मूळ गावाचा, प्रांतासकट. खाम, आम्दो, उ-त्सांग. त्यांच्या दृष्टीने तो अभिमानाचा रकाना. माझ्यातल्या वकिलाला तो पाहून घाम फुटला. वडिलांचं नाव आणि मूळ गाव एका ओळीत असेल तर तिबेटात राहिलेलं घर शोधायला तिथल्या पोलिसांना अर्धा दिवस पुरतो. आणि वही उघड्या तंबूत, शेजारी थर्मास.

मी त्यांना समजावलं, दोन वह्या करा. एकीत सभासद क्रमांक आणि वर्गणी. दुसरीत क्रमांकासमोर नाव, ती एकाच माणसाकडे, शाखेत नाही. मूळ गावाचा रकाना काढूनच टाका. बरीच चर्चा झाली. एक आजीबाई शेवटपर्यंत ऐकेनात, गावाचं नाव लिहिलं नाही तर सभासद कशाची, म्हणाल्या. त्यांचं म्हणणं मला तेव्हा हट्ट वाटला. आता इतका वाटत नाही.

कारण याला दुसरी बाजू आहे आणि ती सातारा-सांगलीच्या माणसाला वेगळी सांगायला नको. १९४३ ते ४६ मधलं प्रतिसरकार याच मुलखातलं, कुंडल-वाळव्याकडचं, सांगली जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. भूमिगतांना माळ्यावर लपवणाऱ्या, रात्री भाकऱ्या बांधून देणाऱ्या बायकांची नावं कुठल्या वहीत नव्हती, म्हणून तर ती घरं वाचली. पण पुढे स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनचे अर्ज निघाले तेव्हा भूमिगत होतो याचा कागदच नाही, म्हणून तुरुंगात गेलेल्या सहकाऱ्यांच्या दाखल्यांसाठी म्हातारी माणसं दारोदार फिरली. माझ्या ऑफिसातल्या जुन्या कपाटात त्यातल्या काही प्रतिज्ञापत्रांच्या कार्बन कॉप्या अजून आहेत. तेव्हा वही जाळून टाका असं मी म्हणत नाही. वही असावी, पण तिचे दोन तुकडे असावेत, आणि दोन्ही तुकडे एका कपाटात नसावेत.

संगणकावर ठेवू म्हणाल, तर २००९ मध्ये टोरोंटोच्या संशोधकांनी काय शोधलं ते बघा. दलाई लामांच्या कार्यालयाच्या संगणकांची तपासणी करता करता त्यांच्या हाती एक हेरगिरीचं जाळं लागलं, त्याला त्यांनी घोस्टनेट नाव दिलं. १०३ देशांतले १,२९५ संगणक. शिरकाव व्हायचा तो साध्या ईमेलच्या जोडपत्रातून, ओळखीच्या माणसाने पाठवलंय असं वाटणाऱ्या. आज तुमचा पाच-सहा जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असेलच. त्यात कुणाचं नाव, फोटो, "आज ताईंच्या गावाहून बातमी आली" असलं काही टाकू नका.

फोटोवरून माझीच चूक सांगते. एका वर्षी १० डिसेंबरला, मानवाधिकार दिनाला, सांगलीत छोटा कार्यक्रम केला. चाळीसेक माणसं. शेवटी सगळ्यांनी एकत्र फोटो काढला आणि बातमी छापून यावी म्हणून तो मीच एका दैनिकाला पाठवला, खाली डावीकडून नावं लिहून. नावं बरोबर यावीत म्हणून दोनदा फोन करून स्पेलिंग तपासलं होतं, हे विशेष. तो फोटो फिरत फिरत तिकडे पोचला. त्यातला एक तरुण काही वर्षांपूर्वीच डोंगर ओलांडून आलेला. त्याच्या बहिणीला दोनदा चौकशीला बोलावलं असं कळलं, त्यानंतर तिचा फोनच लागेना. तो मला एका शब्दाने बोलला नाही. पुढच्या हिवाळ्यात तंबूत त्याच्या जागी त्याचा चुलतभाऊ होता. तेव्हापासून फोटो काढायचा तर बॅनरचा आणि पाठमोऱ्या माणसांचा, हा आमचा नियम. बातमीदार नाराज होतात, होऊ देत.

आता कायद्याचं. इथे तुमच्यापुढे दोन वाटा आहेत: धरमशाळेच्या नोंदणीखालची शाखा, किंवा तुमची स्वतःची वेगळी संस्था. दुसरी वाट निवडली तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, पाच-सहा नव्हे. आणि महाराष्ट्रात सोबत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची नोंदणीही करावी लागते. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. तो न भरल्यामुळे दहा-दहा वर्षं जुने, काही तर वारलेले विश्वस्त शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीत, तसेच असलेल्या संस्था माझ्याकडे ढिगाने येतात.

नावातही एक मेख आहे. "सांगली जिल्हा मानवाधिकार" असं काही ठरवलं असेल तर विसरा. नावात मानवाधिकार, भ्रष्टाचार निर्मूलन असले शब्द असणाऱ्या संस्थांनी ते काढावेत, असं परिपत्रक धर्मादाय आयुक्तांनी २०१८ मध्ये काढलं आणि उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. लोक रागावतात, पण कारण तुम्हालाही माहीत आहे. गाडीवर लाल अक्षरात "मानवाधिकार" लिहून टोलनाक्यावर आणि पोलीस ठाण्यात रुबाब करणारे आपणच पाहिलेत. सरकारी आयोग समजून लोक घाबरायचे. तुमचं नाव साधं ठेवा, मैत्री मंडळ, अभ्यास मंडळ. काम नावावर अडत नाही.

आणि लक्षात ठेवा, नोंदणी म्हणजे नावं सरकारदरबारी जाणं. साध्या सभासदांची यादी दरवर्षी द्यावी लागत नाही, पण कार्यकारिणीची नावं, पत्ते, व्यवसाय जातात. १८६० च्या मूळ कायद्यात कलम १९ आहे, कुणीही माणूस फी भरून ही कागदपत्रं बघू शकतो. ती फी एक रुपया लिहिलेली आहे. म्हणून कार्यकारिणीत फक्त अशीच माणसं घ्या ज्यांचं सीमेपलीकडे कुणी नाही. म्हणजे तुम्ही. नाव पुढे करायची वेळ येते तेव्हा तुमचं करायचं, हाच तुमचा खरा उपयोग आहे.

नर्सिंगच्या त्या दोन मुलींचं उत्तर यातच आलं. कायदाही त्याच बाजूचा आहे. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ नुसार नागरिकांना आहे. जीविताचं संरक्षण, कलम २१, भारतात असलेल्या प्रत्येकाला, नागरिक असो नसो. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे इथला तिबेटी माणूस कायद्याच्या भाषेत परदेशीच. त्याच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी, आणि ते जिल्ह्याच्या पोलिसांकडे वेळच्या वेळी नूतनीकरण करायचं. एखादी चौकशी लांबली आणि आरसी अडकली तर परीक्षा, हॉस्टेल, बाहेरदेशी नोकरी सगळं अडकतं. एवढी जोखीम "सहसचिव" या शब्दासाठी? मुलींना चहाला बोलवा, सल्ला घ्या, लेटरहेडवर घालू नका.

एक कोपरा मात्र वकिलाने सांगावा असा. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते आणि हे तिबेट्यांनाही लागू आहे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने नामग्याल डोलकर यांच्या प्रकरणात २०१० मध्ये दिला. त्या मुलींच्या आई-वडिलांचा जन्म इथलाच असेल, कर्नाटकातल्या वसाहतीत किंवा गोंदियाकडच्या नोर्गेलिंगमध्ये, तर तो कागद तपासून पाहण्यासारखा आहे. पण तो त्यांच्या घरचा निर्णय. नागरिकत्व घेणं म्हणजे तिबेट सोडून देणं असं मानणारी कुटुंबं आहेत. आपण त्यात बोलू नये.

पाहुणे बोलावले तर? धरमशाळेहून कुणी व्याख्यानाला आलं आणि हॉटेलात उतरलं तर हॉटेलवाल्याला परदेशी पाहुण्याची माहिती कळवणारा फॉर्म भरावा लागतो. घरी उतरवलं तरी ती जबाबदारी तुमच्यावर येते. पोलीस ठाण्यात आधी स्वतः जाऊन सांगून या. लपवून केलेल्या साध्या कार्यक्रमाचा जितका त्रास होतो तितका सांगून केलेल्या मोर्च्याचाही होत नाही, हा माझा अनुभव.

पैशाचं सगळ्यात अवघड. परदेशी नागरिकाकडून किंवा परदेशी संस्थेकडून आलेला एक रुपयाही, मग तो वर्गणी म्हणून का असेना, परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली येतो. ती नोंदणी नव्या संस्थेला मिळतच नाही. संस्था तीन वर्षं चाललेली हवी आणि त्या तीन वर्षांत किमान पंधरा लाख रुपये खर्च केलेले हवेत. तुम्ही म्हणाल, धरमशाळेकडे एफसीआरए आहे, ते पाठवतील. २०२० च्या दुरुस्तीनंतर आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही. म्हणजे तुम्ही वेगळी संस्था काढली तर त्यांचा तो पैसा तुम्हाला बंद. त्यांच्याच नोंदणीखालची शाखा असाल तर खर्च होऊ शकतो, पण मग तुमच्या इथल्या प्रत्येक चुकीचं ओझं त्यांच्या नोंदणीवर. सांगलीतल्या एका अविचारी खर्चाने धरमशाळेचं खातं गोठू शकतं. या नियमांत राजकीय स्वरूपाच्या संस्थेच्या खुणा सांगताना बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो हे शब्द आपल्याच भाषेतले आलेत, त्याची मला दर वेळी गंमत वाटते. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थांना केवळ यावरून परदेशी देणग्यांपासून वंचित ठेवता येणार नाही. पण निकाल शेवटी येतो, नोटीस आधी येते.

म्हणून इथला खर्च इथल्याच पैशातून. वर्षाला माणशी पाचशे-हजार रुपये, पावती फाडून. आणि खातं एकाच्या नावावर कधीही नको. का, ते बेलारूसवाल्यांना विचारा. तिथल्या व्यास्ना या संघटनेची नोंदणी सरकारने २००३ मध्ये रद्द केली. (व्यास्ना म्हणजे त्यांच्या भाषेत वसंत.) देशात खातं उघडता येईना, म्हणून संस्थापक आलेस बियालियात्स्की यांनी लिथुआनिया आणि पोलंडमध्ये स्वतःच्या नावे खाती उघडली, पैसा संघटनेचा. बेलारूसच्या सरकारने कायदेशीर मदतीचं साधं पत्र धाडलं आणि त्या दोन्ही मित्रदेशांनी खात्यांची माहिती देऊन टाकली. २०११ मध्ये करचुकवेगिरीच्या नावाखाली त्यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली. याच माणसाला २०२२ चं नोबेल मिळालं तेव्हा तो पुन्हा तुरुंगातच होता. शत्रूने फोडलं नव्हतं काही. मित्रांच्या कारकुनांनी नियमाप्रमाणे कागद पुढे सरकवला.

शाखा नसेल तर आपल्याला कोण विचारणार, असं तुमच्या मनात असेल. रंगो बापूजींना तरी कोण विचारत होतं? १८३९ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. रंगो बापूजी त्यांचे वकील म्हणून लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे राहिले. मधे १८४७ मध्ये महाराज वारले, १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यच खालसा झालं, तरी हा माणूस कर्ज काढून अर्ज करत राहिला. परागंदा राजासाठी परमुलखात चालवलेलं कार्यालय, सभासद एक, शाखा शून्य. कंपनीने दाद दिली नाही, ते खरंच. पण साताऱ्यावर झालेल्या अन्यायाची बाजू लंडनमध्ये छापील स्वरूपात राहिली ती त्यांच्या कागदांमुळे. तुमच्याकडून मला तेवढीच अपेक्षा आहे. तुम्ही कागद सांभाळावेत.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? वर्षभर नाव न लावता काम करा. धरमशाळेहून येणाऱ्या अहवालातली दोन-चार प्रकरणं दर महिन्याला मराठीत आणा. हे काम फारसं कुणी करत नाही आणि त्याला परवानगी लागत नाही. भाषांतर त्यांना दाखवल्याशिवाय पुढे पाठवू नका, "अटक" आणि "ताब्यात घेणं" यातला फरक त्यांना लागतो. १० मार्चला, त्यांच्या उठावाच्या दिवशी, मिरजेत कुठे बसता येतं ते बघा. वर्ष संपताना सहापैकी किती जण टिकलात ते मोजा. चार टिकले तरी पुष्कळ. मग आणखी तीन शोधा, सात पूर्ण झाले की माझ्याकडे या, घटना लिहून देते, त्याचे पैसे घेणार नाही. स्टॅम्प आणि नोटरी तुमचं.

आणि घटना लिहिण्याआधी, दिवाळीनंतर स्वेटरचे तंबू लागले की एक चक्कर मारा. काही मागू नका, वही तर अजिबात मागू नका. एखादा स्वेटर घ्या. भाव फार करू नका, तो पहिल्यांदाच थोडा चढवून सांगितलेला असतो, पण थोडाच.